मुका सेन्सर

१

दादाने बॉनेट उघडलं, वाकून आत पाहिलं आणि तो तसाच वाकलेला राहिला. माझा भाऊ इंजिनापुढे गप्प बसणारा माणूस नाही. तो इंजिनाशी बोलतो, त्याला दटावतो, क्वचित त्याच्या सात पिढ्यांचा उद्धारही करतो. म्हणून मी काउंटरवरून उठले आणि तो बघत होता तिथे जाऊन बघितलं.

टर्बोच्या जाड नळीवर एक छोटा काळा सेन्सर बसवलेला असतो. त्याचा प्लग निघून बाजूला लोंबत होता. ती नळी दादाने दोनच दिवसांपूर्वी स्वतःच्या हाताने बदलली होती.

"म्हणजे प्लग लावायचाच राहिला होता," आमच्या मागून डॉक्टरबाई म्हणाल्या.

डोंगरमाथ्यावर एक आरोग्यधाम आहे. ऑपरेशन झालेली माणसं तिथे आठवडा-पंधरवडा विश्रांतीला राहतात. डॉक्टरबाई तिथल्या प्रमुख. ही त्यांची गाडी दिवसभर डोंगर चढते-उतरते आणि पेशंट, नर्स, औषधं सगळं वाहते. आमचं गॅरेज डोंगराच्या पायथ्याशी असल्यामुळे त्यांच्या साऱ्या गाड्या आमच्याकडेच येतात. खरं सांगायचं तर आमची चूल त्यांच्याच गाड्यांवर पेटते.

"काल गाडी चढावर रडत-कुंथत वर आली," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मागच्या सीटवर टाके पडलेल्या एक आजीबाई होत्या. चालत आले असते तर लवकर पोचले असते, म्हणाल्या. त्यांना हसू येत होतं, मला नव्हतं येत. मिस्त्री, तुम्ही आमची माणसं या नळीच्या भरवशावर वर पाठवलीत."

"मी प्लग लावला होता, बाई," दादा म्हणाला. "बसल्याचा आवाजही ऐकला." त्याने लोंबणाऱ्या प्लगकडे पाहिलं. "ऐकला होता बहुतेक."

डॉक्टरबाईंच्या रागाचं मला काही वाटलं नाही, भीती वाटली ती दादाच्या त्या 'बहुतेक'ची. आपल्या हातावरचा विश्वास उडालेला मिस्त्री फार दिवस मिस्त्री राहत नाही.

"आमच्या गाड्या यापुढे शहरातल्या सर्व्हिस सेंटरला जातील," डॉक्टरबाई म्हणाल्या. "का, ते मला आमच्या विश्वस्तांना कळवावंही लागेल. वाईट वाटतंय, पण इलाज नाही. प्लग लावा, संगणकातली चूक पुसा आणि गाडी द्या."

दादाने मान डोलावली. त्याने स्कॅनरची वायर स्टिअरिंगखाली जोडली. पडद्यावर त्या चुकीचा कोड आला आणि खाली प्रश्न आला, 'पुसायचं का?' दादाचा अंगठा बटणावर गेला.

"खबरदार!" दारातून आवाज आला. "हात लावशील तर जेवायला वाढणार नाही!"

२

दारात आमची आत्या थर्मास घेऊन उभी होती. आत्या उभी हयात हवामान केंद्रात हवेचा दाब, आर्द्रता आणि वारा मोजत राहिली. निवृत्त झाली तरी सवय गेली नाही. आमच्या घरात पाऊस कधी पडणार हे तिला विचारतात आणि कोण खोटं बोलतंय हेही तिलाच विचारतात. लहानपणी आम्ही भावंडं तिला फार घाबरायचो. आता वाटतं, त्या घाबरण्याचेही उपकारच झाले.

"पुसलं की काय काय जातं?" तिने विचारलं.

"कोड जातो," दादा म्हणाला. "आणि त्याच्याबरोबरचा फोटो."

"कसला फोटो?"

"खराखुरा फोटो नव्हे गं. चूक पहिल्यांदा झाली, त्या क्षणाचे आकडे संगणक जपून ठेवतो. इंजिन किती फिरत होतं, गाडीचा वेग काय, पाणी किती तापलं होतं, असे. पण तो कोणी बघत नाही. कोड बघायचा, काम करायचं, पुसून टाकायचं."

"मग आज बघू. आणि आधी मला हा टर्बो समजावून सांग. मी अडाणी आहे असं समज."

आत्याला अडाणी समजणं आम्हाला जन्मात जमलेलं नाही, पण दादाने चहाचा घोट घेतला आणि सांगायला लागला. बॉनेट उघडल्यापासून तो पहिल्यांदाच नीट बोलत होता.

"इंजिनातून धूर बाहेर पडतो ना, त्याच्या जोरावर एक छोटी चक्की फिरते. त्याच दांड्यावर दुसरी चक्की असते. ती बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबते. हवा जास्त म्हणजे डिझेल जास्त जाळता येतं आणि ताकद वाढते. पण किती हवा कोंबली हे संगणकाला कोण सांगणार? तर हा सेन्सर. याच्या पोटात नखाहून लहान पडदा आहे. दाबाने तो वाकतो, आणि जेवढा वाकेल तेवढं व्होल्टेज बदलतं. त्यावरून संगणक डिझेल मापून देतो."

"आणि प्लग निघाला तर?"

"सेन्सर मुका होतो. मग संगणक म्हणतो, मला दिसत नाही, मी धोका पत्करणार नाही. टर्बोचा जोर कमी करतो, डिझेल आवळतो आणि गाडी लंगडत चालवतो. आम्ही त्याला लिंप मोड म्हणतो. इंजिन वाचावं म्हणूनच केलेली सोय आहे ती."

"नळी फाटली तरी असंच होतं?"

"लंगडते तशीच, पण कोड वेगळा येतो. नळी फाटली तर दाब कमी भरतो, पण सेन्सर बोलत असतो. कमी का होईना, आकडा जिवंत असतो. प्लग निघाला तर आकडाच मरतो. तारेत जिवंत दाबाचं व्होल्टेज कधीच नसतं इतकं भलतं व्होल्टेज येतं. त्यावरून संगणक ओळखतो की हा दाब नव्हे, तार तुटलीय."

"आणि इथे?"

"इथे मेलेला आकडा आहे. प्लगच निघाला होता, आत्या. त्यात वाद नाही." दादाचा चेहरा पुन्हा पडला.

आत्या डॉक्टरबाईंकडे वळली. "बाई, मला उद्यापर्यंत गाडी इथे ठेवू द्या. माझ्या भाच्याची चूक निघाली, तर तो स्वतः तुमच्या नव्या मिस्त्रीला सगळं समजावून देईल."

डॉक्टरबाई कडक होत्या, पण अन्यायी नव्हत्या. त्यांनी घड्याळ बघितलं आणि मान हलवली. "ठीक आहे. आम्ही बसने वर जातो."

तेव्हा त्यांना घेऊन आलेल्या, इतका वेळ भिंतीला टेकून उभ्या असलेल्या ड्रायव्हरने एक मोठा श्वास सोडला. मला ते विचित्र वाटलं, कारण या माणसाला बसचा फार तिटकारा होता.

३

ड्रायव्हरला सगळे 'विमान' म्हणायचे. त्याच्या हातात गाडी गेली की ती रस्त्यावर चालत नसे, उडत असे. डोंगर चढण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि हे तो स्वतःही अधूनमधून सांगायचा. पेशंट गाडीत बसले की म्हणायचे, "चला विमान, करा उड्डाण!" मग हा गडी मिशीवर हात फिरवायचा. तसा माणूस सोन्यासारखा. माझी आई आजारी होती तेव्हा वरून फळं आणून द्यायचा, ते आम्ही कधी विसरलो नाही.

"काल काय झालं ते सांगा," आत्या म्हणाली.

"काय सांगू, आत्याबाई. सकाळी उतरलो, पेशंट घेतले आणि चढायला लागलो. तुटक्या कड्याच्या वळणापर्यंत गाडी झकास होती. तिथे एकदम फुस्स झालं आणि जीवच गेला गाडीचा."

"फुस्स आवाज आला?"

"मोठा आला. नळी गेली असं वाटलं." त्याने रुमालाने कपाळ पुसलं. "मिस्त्रींना बोल लावायचा नाहीये मला. माणसाकडून राहतं एखादं काम."

"परवा संध्याकाळी इथून गाडी नेलीत तेव्हा?"

"तेव्हा? मस्त पळाली. वाऱ्यासारखी वर गेली."

बोलताना त्याने एक हात आमच्या टेबलाच्या कडेला घट्ट धरला होता. मी खुर्ची पुढे केली तर नको म्हणाला. डॉक्टरबाईंनी हाक मारली तेव्हा तो सावकाश, पायाखालची जमीन तपासावी तसा गेला.

ते दोघे गेल्यावर आत्याने चष्मा लावला आणि स्कॅनर मांडीवर घेतला. "वाच. एकेक."

"वेग शून्य," दादा वाचू लागला. "इंजिन चालू, पण निवांत, जागच्या जागी चालावं तसं. पाणी पूर्ण तापलेलं. बाहेरच्या हवेचा दाब चौऱ्याऐंशी…"

"थांब. वेग शून्य?"

"म्हणजे गाडी उभी होती," दादा म्हणाला, आणि त्याच्या कपाळावर आठी पडली. "पण विमान तर म्हणाला, चढावर चालत असताना…"

"ते नंतर. बाहेरच्या हवेचा दाब कोण मोजतं? तो सेन्सर तर मुका झालेला."

"तो वेगळा. एक बारकासा सेन्सर संगणकाच्या पेटीतच असतो. बाहेरची हवा किती जड आहे हे कळल्याशिवाय आत किती कोंबली ते कसं कळणार?"

"आत्ता तो किती दाखवतोय?"

दादाने बटण दाबलं. "शहाण्णव. इथे कायम तेवढाच असतो."

आत्याने चष्मा काढला. ती इतकी हळू बोलली की मला पुढे वाकावं लागलं.

"हवामान एका दिवसात इतकं कधीच बदलत नाही, बाळा. वादळातसुद्धा नाही. दाब एवढा उतरायला माणसाला डोंगर चढावा लागतो. प्लग निघाला तेव्हा गाडी तुझ्या गॅरेजात नव्हतीच."

४

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं त्याच गाडीतून वर निघालो. दादाने प्लग लावला, पण कोड पुसला नाही. गाडी तो चालवत होता. स्कॅनर माझ्या हातात होता आणि मागे बसलेली आत्या दर वळणाला "किती?" विचारत होती.

सेन्सर बोलता झाल्यावर गाडी अशी चढली की काय सांगू. दादाने पायाने नुसतं सुचवावं आणि तिने झेप घ्यावी. तो मात्र मजा घेत नव्हता. त्याचं सगळं लक्ष माझ्या तोंडाकडे होतं.

रस्ता वर जात होता तसा आकडा खाली येत होता. शहाण्णव, पंचाण्णव, त्र्याण्णव. तुटक्या कड्याच्या वळणावर दादाने गाडी बाजूला घेतली.

"नव्वद," मी वाचलं.

"विमान म्हणतो तसं इथे फुस्स झालं असतं," आत्या म्हणाली, "तर फोटोत नव्वद असते. चल पुढे."

आरोग्यधामाच्या फाटकातून आत शिरलो आणि गाडी नेहमीच्या जागी, जनरेटरच्या खोलीसमोरच्या छपराखाली उभी राहिली. मी पडद्याकडे बघितलं. दोनदा बघितलं.

"चौऱ्याऐंशी."

दादाने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि डोकं त्यावर टेकलं. मला वाटलं त्याला बरं वाटत नाहीये. "मी लावला होता," तो म्हणत होता. "मी लावला होता गं." त्याला तसं म्हणताना ऐकून मी देवाचे नाही, त्या बारक्या सेन्सरचे आभार मानले.

"लावला होतास," आत्या म्हणाली. "पण मग काढला कुणी?"

आमच्या गाडीचा आवाज ऐकून जनरेटरवाला बाहेर आला. इथली वीज, पंप, दिवे सगळं तो बघतो, आणि गाड्यांचं कामही आपल्यालाच मिळायला हवं होतं असं त्याचं म्हणणं होतं. त्यामुळे दादाला पाहून त्याच्या चेहऱ्यावर साखर पेरली गेली.

"काय मिस्त्री, प्लग विसरलात म्हणे? होतं असं. घाईत होतं."

मला राग आला आणि मनात म्हटलं, सापडला. कारण होतं, जागा होती, हातात पक्कडही होती.

"तेरवा संध्याकाळी गाडी वर आली तेव्हा तुम्ही कुठे होतात?" आत्याने विचारलं.

"आत, या खोलीत. वीज गेली होती ना! डॉक्टरबाई स्वतः बॅटरी धरून उभ्या होत्या माझ्या डोक्यावर. दिवे येईपर्यंत हलू दिलं नाही."

"गाडी आल्याचं कसं कळलं?"

"ऐकू आली की. विमान आला की इंजिन लगेच बंद करत नाही, चालूच ठेवतो थोडा वेळ. चढ चढल्यावर टर्बो तापलेला असतो, त्याला निवू द्यायचा म्हणतो. यांनीच शिकवलंय." त्याने दादाकडे हनुवटी केली. "मग बंद करून चावी माझ्याकडे देतो. तेरवाही तसंच. चावी माझ्या हातात आली तेव्हा दिवे आले होते."

"आणि रात्रभर चावी तुमच्याकडे?"

"उशाशी. पण बाई, गाडीला मी हात लावत नाही. लावला आणि काही झालं तर? आयतं माझ्या गळ्यात." तो इतका प्रामाणिकपणे घाबरलेला होता की माझा राग विरघळला.

मग आत्या सिस्टरकडे गेली. परवा पेशंट आणायला विमानबरोबर खाली गेलेली नर्स ती हीच. कपड्यांच्या घड्या घालता घालता ती बोलत होती आणि आत्याही तिला घड्या घालू लागत होती.

"सकाळी गाडीत बसले तेव्हा समोर एक पिवळा दिवा लागला होता. मला वाटलं माझा पट्टा नीट लागला नाही. विमानकाका म्हणाले, असू दे."

"सकाळी? उतरायच्या आधीच?" आत्या म्हणाली. "नक्की?"

"नक्की. पट्टा तीनदा काढून लावला मी. चढताना गाडी पहिल्यापासूनच हळू होती. काका सांगतात तसा आवाज-बिवाज मी काही ऐकला नाही, पण मी आजींना उलटी होतेय का ते बघत होते."

"विमान एरवी कसा चालवतो?"

"उडवतो. पण परवाच्या आधी, गेल्या आठवड्यात, एका वळणावर अचानक गाडी थांबवली. म्हणाले, धुकं आलंय, काचेतून दिसत नाही. स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसले. मला तर धुकं दिसलं नव्हतं."

"दिवस कुठला?"

सिस्टरने सांगितला. आत्याच्या हातातली घडी तशीच राहिली.

"त्या दिवशी मी गाद्या उन्हात घातल्या होत्या," ती म्हणाली. "असा कोरडा वारा होता की ओठ फुटले. अख्ख्या डोंगरावर धुक्याचा थेंब असणं शक्य नव्हतं."

तिने घडी खाली ठेवली आणि माझा हात धरला. "चल लवकर. डॉक्टरबाई कुठे बसतात?"

५

डॉक्टरबाईंच्या खोलीत दादा, मी आणि आत्या बसलो. विमानला बोलावणं गेलं. तो आला आणि दारापाशीच उभा राहिला.

"बसा," आत्या म्हणाली. या वेळी तो बसला.

"बाई, प्लग माझ्या भाच्याने लावला होता," आत्याने सांगायला सुरुवात केली. "तो अर्धवट लागला असता तर चढावरच्या धक्क्यांनी निघाला असता. निघाला कधी? गाडी उभी असताना. इंजिन नुसतं गुरगुरत होतं आणि पाणी तापलेलं होतं. निघाला कुठे? बाहेरचा दाब चौऱ्याऐंशी होता तिथे. आज आम्ही मोजत आलो. तो आकडा तुमच्या छपराखालीच मिळतो, त्याच्या खाली कुठेही नाही. शिवाय त्या प्लगला खटका आहे. अंगठ्याने दाबून ओढल्याशिवाय तो सुटत नाही."

"म्हणजे इथे कुणीतरी काढला," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांची नजर खिडकीतून जनरेटरच्या खोलीकडे गेली.

"तो तुमच्या बॅटरीच्या उजेडात होता. तुम्हीच त्याच्या साक्षीदार. सकाळी सिस्टरने पिवळा दिवा पाहिला, म्हणजे प्लग आदल्या संध्याकाळीच निघालेला. आणि चावी जनरेटरवाल्याकडे गेली ती इंजिन बंद झाल्यावर. इंजिन चालू असताना गाडीपाशी एकच माणूस होता. टर्बो निवू देणारा."

दादा विमानकडे बघत होता, आणि त्या बघण्यात राग कमी, न समजणंच जास्त होतं.

"तू?" तो म्हणाला. "अरे, मीच तुला दाखवलं होतं ना? गेल्या महिन्यात तू विचारलंस, मिस्त्री, सेन्सर बंद पडला तर गाडी किती हळू होते? मी प्लग काढून चक्कर मारून आणली तुला. केवढा शहाणपणा केला मी!"

विमानने मान खाली घातली. "हो. मी काढला."

"का पण? माझ्यावर कसला दावा होता तुझा?"

"दावा नाही हो! सकाळी परत लावणार होतो. मग म्हटलं, उद्या लावू. नळी तुम्ही बदललेली, नाव तुमच्यावर जाईल हे डोक्यातच आलं नाही. आणि आलं तेव्हा बाई गॅरेजला जायला गाडीत बसल्या होत्या." त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "तोंड उघडता आलं नाही मला. फुस्स झालं म्हणून सांगून बसलो. चांगल्या माणसाचं वाटोळं करत होतो."

"गाडी हळू चालवायची होती तर हळू चालवायची," डॉक्टरबाई चिडून म्हणाल्या. "कुणी अडवलं होतं?"

उत्तर आत्याने दिलं.

"सगळ्यांनी, बाई. ज्याला अख्खा डोंगर विमान म्हणतो, त्याने एक दिवस गाडी हळू चालवली तर पहिल्याच वळणावर विचारतील, काय झालं? बरं नाही का? म्हातारे झालात का? आणि तेच त्याला सांगायचं नव्हतं. गाडीच लंगडी झाली तर कोण विचारणार?" ती विमानकडे वळली. तिचा आवाज एकदम बदलला. "धुकं काचेवर नव्हतं ना रे? डोळ्यांपुढे आलं होतं."

विमानने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"दोनदा आलंय," तो म्हणाला. "क्षणभर सगळं पांढरं होतं. पाय गळतात. मागे पेशंट होते, आत्याबाई. दरी एका हातावर होती. मला वाटलं, निदान गाडी हळू असेल, तर माझं काही झालं तरी माणसं वाचतील."

डॉक्टरबाई खुर्चीतून उठल्या. त्या टेबलाला वळसा घालून आल्या आणि त्यांनी विमानचं मनगट धरलं. नजर घड्याळावर ठेवली. आम्ही सगळे त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. रागाची एकेक सुरकुती त्या चेहऱ्यावरून गेली आणि मागे उरलं ते मला अजिबात आवडलं नाही.

"सिस्टर!" त्यांनी हाक मारली. "यांना आडवं करा. आत्ता. आणि शहरातल्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावा."

६

विमानचं हृदय मधूनच ठोका गाळत होतं. शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं की आणखी थोडे दिवस गेले असते, तर तो पांढरा क्षण लांबला असता. त्यांनी त्याच्या छातीत एक छोटं यंत्र बसवलं. ते ठोके ऐकत राहतं, आणि हृदय विसरलं की हलकेच आठवण करून देतं.

"मिस्त्री, माझ्यातही संगणक बसवला," भेटायला गेलो तेव्हा विमान म्हणाला. "सेन्सरसकट."

"प्लग काढायला जाऊ नकोस म्हणजे झालं," दादा म्हणाला.

दादा त्याच्यावर दोन दिवस मनापासून रागावला होता. "मला माझ्याच हातांची भीती वाटायला लागली होती गं," असं तो मला म्हणाला, आणि तसं म्हणायचा त्याला हक्क होता. पण विमानची बायको गॅरेजात येऊन रडली. तिने दादाचे हात हातात घेतले आणि म्हणाली, "तुम्ही प्लग विसरला नव्हतात म्हणून हे वाचले. तुमची चूक निघाली असती तर कोणी पुढे शोधलंच नसतं." दादाने हात अलगद सोडवून घेतले. तो आत जाऊन उगाच पाने पुसत बसला. राग त्यानंतर दिसला नाही.

डॉक्टरबाई स्वतः आल्या. आल्या त्या सरळ आत, जिथे दादा गाडीखाली होता, आणि त्याच्या पायांशी उभ्या राहून म्हणाल्या, "मिस्त्री, मी चुकले. न बघता बोलले." गाडीखालून दादा म्हणाला, "बाई, मीही न बघता पुसणार होतो." आरोग्यधामाच्या गाड्या आमच्याकडेच राहिल्या. आता दादा कोड बघतो, फोटो बघतो, आणि मगच पुसतो. आत्या दुपारी थर्मास घेऊन आली की तो तिला आकडे वाचून दाखवतो. आत्याशी भांडायला आम्हाला रोज नवं कारण मिळतं. ती आमच्या घरात आहे याबद्दल मी किती आभारी आहे हे तिला सांगितलं, तर ती म्हणेल, चहा निवतोय.

विमानला घरी सोडलं त्या दिवशी तो कुणाच्याच गाडीत बसेना. "मिस्त्रींनी नेलं तर जाईन," म्हणाला. "गाडी त्यांच्या हातची आणि हातही त्यांचाच." दादाने हे ऐकलं आणि स्वच्छ शर्ट घालून निघाला. मी आणि विमानची बायको मागे बसलो. पुढे डावीकडे विमान बसला. त्या गाडीत त्या बाजूला तो जन्मात कधी बसला नव्हता. पट्टा कुठून ओढायचा हेही त्याला शोधावं लागलं.

पहिली काही वळणं त्याचा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. मग हळूहळू तो मागे टेकला आणि खिडकीतून बाहेर बघायला लागला. एका उघड्या वळणावर तो एकदम म्हणाला, "मिस्त्री, थांबा जरा."

दादाने घाबरून गाडी बाजूला घेतली. "काय रे? धुकं?"

"नाही, नाही. ते खाली काय चमकतंय?"

आम्ही सगळे वाकून बघायला लागलो. खाली झाडांमधून उन्हात एक लांब, वाकडी रेघ चालली होती.

"नदी आहे ती," दादा म्हणाला.

"इथे नदी आहे?" विमानने काच पूर्ण खाली केली आणि तोंड वाऱ्याला दिलं. "इतकी वर्षं या रस्त्याने गेलो. रस्त्याच्या कडेपलीकडे कधी पाहिलंच नाही."

"लग्न झाल्यापासून सांगतेय मी," मागून त्याची बायको म्हणाली. "पहिल्यांदा वर आणलंत तेव्हाच म्हटलं होतं, थांबा, नदी बघू. तुम्ही थांबलात कधी?"

विमान मागे वळला. त्याने सीटमधून हात मागे केला आणि तिचा हात धरला.

"आता थांबलोय," तो म्हणाला. "दाखव, कुठून येते आणि कुठे जाते."

ती पुढे सरकली आणि दाखवू लागली. दादाने इंजिन लगेच बंद केलं नाही, थोडा वेळ चालू ठेवून मग बंद केलं. आम्हाला कुणालाच घाई नव्हती.